जुन्या बेसबॉल छायाचित्रांच्या संग्रहाची किंमत कशी ठरवावी

अमेरिकेत एखाद्या वृत्तपत्राचे कार्यालय आवरले जाते किंवा एखाद्या वृद्ध शौकिनाच्या घरातील सामान विक्रीला निघते, तेव्हा बेसबॉलच्या जुन्या छायाचित्रांनी भरलेले खोके बऱ्याचदा अगदी नवख्या माणसाच्या हाती पडतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही अशा घरगुती विक्रीला हौसेने जाणारे कमी नाहीत. खोका घरी आला की पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि त्याचे उत्तर बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी शोधतात. तेच चित्र इंटरनेटवर कुठे आहे आणि ते कितीला विकले गेले, एवढेच ते पाहतात. परंतु या बाजारात चित्राला स्वतंत्र किंमत जवळजवळ नसते. जॉर्ज ग्रँथम बेन यांच्या वृत्तसंस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी टिपलेली बेसबॉलची असंख्य चित्रे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. पैसे मोजले जातात ते हातातल्या त्या विशिष्ट कागदासाठी. तो कोणत्या निगेटिव्हवरून, कोणी आणि केव्हा तयार केला, हे ठरवणे हेच मूल्यांकनाचे मुख्य काम आहे.

आधी प्रयोजन ठरवावे

एकाच संग्रहाच्या तीन-चार वेगवेगळ्या आणि तरीही योग्य किमती असू शकतात. विमा उतरवायचा असेल तर ती वस्तू आज दुकानातून किंवा लिलावातून पुन्हा मिळवायला किती पैसे लागतील, हा आकडा घ्यावा लागतो आणि तो सर्वांत मोठा असतो. वारसाहक्क, वाटणी किंवा देणगी यांसाठी वाजवी बाजारमूल्य लागते, म्हणजे कोणतीही सक्ती नसलेला आणि पुरेशी माहिती असलेला विक्रेता व तसाच खरेदीदार ज्या किमतीवर राजी होतील ती किंमत. लिलावगृहाचा अंदाज याहून थोडा खाली ठेवलेला असतो, कारण बोली लावणाऱ्यांना तो आकर्षक वाटावा हा त्यामागचा हेतू असतो. व्यापारी रोख देऊन संपूर्ण खोका उचलतो तेव्हा त्याला पुढे नफा मिळवायचा असल्यामुळे त्याचा आकडा सर्वांत लहान असतो. तो लहान असला म्हणजे व्यापारी लबाड आहे असे मुळीच नाही. आपल्याला यांपैकी नेमकी कोणती किंमत हवी आहे, हे कागदावर लिहून मगच पुढे जावे.

खोका उघडताना

छायाचित्रे कडांना धरून हाताळावीत. पाठीवर चिकटवलेला मजकूर सोलू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि पृष्ठभाग ओल्या कापडाने पुसू नये. क्रमांक टाकायचाच असेल तर मऊ पेन्सिलीने पाठीच्या कोपऱ्यात हलक्या हाताने टाकावा, बॉलपेन वापरू नये. साठवणीसाठी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे घ्यावीत. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे कालांतराने छायाचित्राला चिकटतात. खोक्यात जुन्या निगेटिव्ह सापडल्या तर त्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नायट्रेटची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते आणि नंतरच्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की ती सडत आहे असे समजावे. निगेटिव्ह जुनी म्हणून ती टाकून देण्याची घाई मात्र करू नये. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार चार्ल्स कॉनलन यांच्या सात हजारांहून अधिक निगेटिव्हचा संग्रह २०१६ साली लिलावात सुमारे १७ लाख ९० हजार डॉलरला गेला.

छायाचित्र आहे की छपाई

दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन खेळाडूच्या चेहऱ्यावर धरावे. ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ती मासिकातील किंवा पुस्तकातील छपाई आहे, छायाचित्र नव्हे. खऱ्या छायाचित्रात करड्या छटा एकमेकींत सलग मिसळलेल्या दिसतात. ही चाचणी मिनिटभराची असली तरी तिच्यामुळे पुष्कळदा खोक्याचा मोठा भाग बाजूला निघतो.

उरलेल्यांचा कागद पाहावा. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे बहुधा अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर असतात आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली असतात. त्यांचा रंग तपकिरी-पिवळसर असतो. सुमारे साडेचार बाय साडेसहा इंचांच्या पुठ्ठ्यावरील अशा छायाचित्राला कॅबिनेट कार्ड म्हणतात. पुठ्ठ्याच्या तळाशी स्टुडिओचे नाव छापलेले असते. विसाव्या शतकातील वृत्तछायाचित्रे जिलेटिन सिल्व्हर प्रकारची, म्हणजे चांदीचे क्षार मिसळलेल्या जिलेटिनचा थर असलेल्या कागदावरची, आणि बहुतांशी आठ बाय दहा इंचांच्या आसपासची असतात. असे छायाचित्र खिडकीपाशी तिरपे धरले आणि गडद भागांत, विशेषतः कडांशी, निळसर चंदेरी चकाकी आली, तर ती चांदी पृष्ठभागावर आल्याची खूण आहे. ती जुनेपणाच्या बाजूने साक्ष देते.

पुढची चाचणी अतिनील दिव्याची. अंधाऱ्या खोलीत हा दिवा छायाचित्राच्या पाठीवर धरला आणि कागद निळसर पांढरा लखलखला, तर त्यात उजळपणा वाढवणारी रसायने आहेत. ही रसायने छायाचित्रांच्या कागदात साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून आली. प्रसिद्ध खेळाडू बेब रूथचे १९२७ चे म्हणून विकले जाणारे छायाचित्र असे लखलखले तर ती प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर काढलेली प्रत, त्या काळातली नाही. याचे उलट मात्र सिद्ध होत नाही, कारण न लखलखणारे कागद पुढेही बनत राहिले. पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत लागत असेल तर तो राळेचा थर दिलेला, १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतर रूढ झालेला कागद समजावा.

पाठ वाचणे

नवख्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण वृत्तछायाचित्राची पाठ म्हणजे त्याच्या प्रवासाची नोंदवही असते. नमुन्यादाखल एक पाठ पाहू. वरच्या बाजूला जांभळ्या शाईत वृत्तसंस्थेचा शिक्का आहे. त्याखाली टंकलिखित मजकुराची पिवळी पडलेली, ठिसूळ पट्टी फक्त वरच्या कडेने चिकटवलेली आहे आणि तिच्यात खेळाडूचे नाव, गाव व प्रसंग दिला आहे. उजवीकडे वृत्तपत्राच्या संदर्भ विभागाने उमटवलेली तारीख आहे. तिच्यावर कोणीतरी लाल मेणपेन्सिलीने स्तंभाची रुंदी लिहिली आहे, आणि खाली छापून आलेल्या बातमीचे कात्रण डकवले आहे. ही पाचही चिन्हे एकमेकांशी जुळत असतील तर त्या कागदाबद्दल फारशी शंका उरत नाही. तारीख मात्र जपून वाचावी, कारण वृत्तपत्रे जुने छायाचित्र पुन्हा वापरताना नवी तारीख उमटवत. एकापेक्षा अधिक तारखा असतील तर त्यांतली सर्वांत आधीची महत्त्वाची.

शिक्क्यावरील नावावरून कालखंड बांधता येतो. वाइड वर्ल्ड फोटोज ही संस्था न्यूयॉर्क टाइम्सने १९१९ मध्ये सुरू केली आणि १९४१ मध्ये ती असोसिएटेड प्रेसकडे गेली. ॲक्मे न्यूजपिक्चर्स १९५२ मध्ये युनायटेड प्रेसच्या ताब्यात गेली. युनायटेड प्रेस आणि इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस यांचे १९५८ मध्ये विलीनीकरण होऊन यूपीआय हे नाव आले. त्यामुळे १९४१ सालच्या जो डिमॅजिओच्या छायाचित्रामागे यूपीआयचा शिक्का असेल तर चित्र १९४१ चे असले तरी एक तर कागद १९५८ नंतरचा आहे किंवा जुन्या कागदावर नंतर शिक्का पडला आहे, आणि यांतले खरे कोणते हे इतर खुणांवरून ठरवावे लागते. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर तो शिक्का १९६३ नंतरचा, कारण ती पद्धत त्याच वर्षी सुरू झाली.

छायाचित्रकाराचा स्वतःचा शिक्का असेल तर आनंदच, पण तिथेही सावध राहावे. शिकागोचे जॉर्ज बर्क यांच्या छायाचित्रांमागे ८४७ बेलमाँट ॲव्हेन्यू हा पत्ता आढळतो. त्यांचे सहकारी जॉर्ज ब्रेस यांनी पुढे अनेक दशके त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढून शौकिनांना विकल्या. म्हणून चित्र तेच, निगेटिव्ह तीच, पण कागद तीस-चाळीस वर्षांनी नवा, अशी उदाहरणे या बाजारात विपुल आहेत.

चार प्रकारांची वर्गवारी

इथवर गोळा केलेल्या खुणांवरून प्रत्येक छायाचित्राला एक प्रकार द्यावा लागतो. प्रमाणपत्र देणारी पीएसए ही संस्था वापरते ती चार प्रकारांची पद्धत आता बाजाराचीच भाषा झाली आहे. मूळ निगेटिव्हवरून, चित्र टिपल्यानंतर साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रिंट म्हणजे टाइप १. मूळ निगेटिव्हवरूनच, पण त्यानंतर बऱ्याच काळाने काढलेली ती टाइप २. दुय्यम, म्हणजे नक्कल करून बनवलेल्या निगेटिव्हवरून किंवा तारेने पाठवलेल्या चित्रावरून, पण त्याच काळात तयार झालेली ती टाइप ३, आणि अशीच दुय्यम परंतु नंतरच्या काळातली ती टाइप ४.

तारेने चित्र पाठवण्याची असोसिएटेड प्रेसची सेवा १ जानेवारी १९३५ रोजी सुरू झाली. अशा छायाचित्रांत मजकूर बहुधा चित्रासोबतच, चित्राच्या कडेला किंवा तळाशी उमटलेला असतो आणि भिंगाखाली बारीक आडव्या रेषा दिसतात. चित्राची तीक्ष्णताही कमी असते. या कारणांमुळे त्याच प्रसंगाच्या टाइप १ आणि टाइप ३ प्रिंटच्या किमतींत अनेक पटींचे अंतर पडते. नॅट फाइन यांनी १३ जून १९४८ रोजी यांकी स्टेडियममध्ये आजारी बेब रूथचे पाठमोरे चित्र टिपले आणि त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. फाइन यांनी उतारवयात स्वाक्षरी करून दिलेल्या नंतरच्या प्रिंट अधूनमधून विक्रीला येतात. त्या देखण्या असतात, पण १९४८ सालच्या प्रिंटशी त्यांची तुलना करता येत नाही.

चित्रातील साक्ष

कागदाने सांगितलेला काळ आणि चित्रातला काळ यांचा मेळ घालावा, आणि यासाठी गणवेश सर्वांत उपयोगी पडतो. न्यूयॉर्कच्या यांकी संघाच्या घरच्या मैदानावरील पट्टेदार सदऱ्यावरून छातीवरचे गुंफलेले एन-वाय हे अक्षरचिन्ह १९१७ मध्ये काढले गेले आणि ते १९३६ मध्ये परत आले. रूथ त्या संघात १९२० ते १९३४ या काळात खेळला. म्हणजे घरच्या पट्टेदार सदऱ्यावर छातीशी ते चिन्ह असलेला रूथ दिसला तर ते चित्र त्याच्या खेळण्याच्या दिवसांतले नाही, निवृत्तीनंतरच्या एखाद्या समारंभातले आहे. यांकींच्या पाठीवर क्रमांक १९२९ पासून आले. १९३९ साली बेसबॉलच्या शताब्दीनिमित्त सर्व प्रमुख संघांच्या बाहीवर एक विशेष चिन्ह होते. बोस्टनच्या फेनवे पार्कमधील डावीकडची उंच भिंत १९४७ मध्ये जाहिराती हटवून हिरवी रंगवली गेली. कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या संग्रहालयाने संघनिहाय, वर्षनिहाय गणवेशांची चित्रे इंटरनेटवर दिली आहेत. नवख्याने ते पान उघडे ठेवूनच काम करावे.

मागणी कोणाला, हे वेगळे सांगायला नको. रूथ, लू गेरिग, टाय कॉब, होनस वॅग्नर, जॅकी रॉबिन्सन, मिकी मँटल ही नावे वर राहतात, आणि त्यांतही कारकिर्दीच्या सुरुवातीची वर्षे. रॉबिन्सनचे १९४७ च्या हंगामातले छायाचित्र आणि १९५५ चे छायाचित्र यांना एका रांगेत ठेवू नये. निग्रो लीगमधील, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांमधील, जॉश गिब्सन, सॅचेल पेज यांची त्या काळातली मूळ छायाचित्रे मुळातच थोडी आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी मोठी चढाओढ होते. छायाचित्रकाराच्या नावालाही किंमत आहे. कॉनलन, पॉल थॉम्पसन, लुई व्हॅन ओयेन आणि बोस्टनचे कार्ल हॉर्नर ही नावे ओळखीची करून घ्यावीत. हॉर्नर यांनी काढलेल्या वॅग्नरच्या व्यक्तिचित्रावरूनच सिगारेटच्या पाकिटातले, खेळाडूचे चित्र असलेले आणि शौकीन जमवतात ते प्रसिद्ध टी-२०६ मालिकेतले कार्ड तयार झाले. एखादे चित्र पुढे खेळाडूच्या कार्डावर वापरले गेले असेल तर त्याच्या मूळ प्रिंटची किंमत कित्येक पटींनी चढते. म्हणून महत्त्वाच्या खेळाडूंची छायाचित्रे त्यांच्या जुन्या कार्डांशी ताडून पाहण्याचा कंटाळा करू नये. माझ्या मते नवख्यांच्या हातून सर्वाधिक पैसा याच कंटाळ्यापायी निसटतो.

स्वाक्षरी असेल तर तिचे मूल्यांकन स्वतंत्रपणे करून घ्यावे. शूलेस जो जॅक्सनची स्वाक्षरी असलेले १९११ सालचे एक छायाचित्र २०२१ मध्ये सुमारे १४ लाख ७० हजार डॉलरला गेले, ते मुख्यतः जॅक्सन क्वचितच सही करत असे म्हणून. तो आकडा पाहून बिनस्वाक्षरीच्या जॅक्सनची किंमत लावू नये.

स्थिती आणि मालकी

छायाचित्राची स्थिती महत्त्वाची आहेच, पण कार्ड जमवणाऱ्यांचे कडक निकष इथे लावू नयेत. संपादकाने आखलेल्या कापणीच्या रेषा, चेहऱ्याभोवती फासलेला पांढरा रंग, कोपऱ्यांच्या दुमडी हे वृत्तछायाचित्राच्या जन्माबरोबर आलेले असते आणि शौकीन ते चालवून घेतात. चेहऱ्यावरून गेलेली भेग, पाण्याचे डाग, कात्रीने उडवलेल्या कडा आणि पाठीचा मजकूर सोलून काढल्याच्या खुणा यांना मात्र माफी नाही.

मालकीचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांच्या बाबतीत फार गंभीर आहे. जुन्या काळचे खेळाडू व क्रीडासाहित्याचे व्यापारी ए. जी. स्पाल्डिंग यांचा मोठा संग्रह १९२१ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाला मिळाला आणि त्यातील अनेक मौल्यवान वस्तू पुढे चोरीला गेल्या. पुठ्ठ्यावर ग्रंथालयाचा शिक्का, खोडलेला नोंदणी क्रमांक किंवा खरवडल्याची जागा दिसली तर पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी त्या संस्थेकडे विचारणा करावी. ज्या वस्तूवर कायदेशीर हक्क नाही तिचे बाजारमूल्य शून्य धरणे हेच शहाणपणाचे. याशिवाय, प्रिंट विकत घेतली म्हणून प्रताधिकार मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. प्रिंटच्या किमतीत चित्र पुस्तकात छापण्याचा किंवा त्याच्या प्रती विकण्याचा हक्क धरू नये.

बाजारभाव शोधणे

आता तुलनेची वेळ. हेरिटेज, आरएमवाय, रॉबर्ट एडवर्ड, हंट यांसारख्या लिलावगृहांचे जुने निकाल पाहता येतात, आणि किरकोळ छायाचित्रांसाठी ईबेवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उपयोगी पडते. विक्रेत्याने मागितलेला भाव म्हणजे पुरावा नव्हे. तुलना करताना खेळाडू, वर्ष, प्रकार, छायाचित्रकार, आकार आणि स्थिती या सहाही गोष्टी शक्य तितक्या जुळवाव्यात आणि एकाच निकालावर विसंबू नये, कारण दोन हट्टी बोलीदार समोरासमोर आले की एखादा आकडा उगीच फुगतो. २०२० आणि २०२१ मध्ये या बाजारात मोठी तेजी होती, त्यामुळे त्या दोन वर्षांचे निकाल जरा हात राखून वापरावेत. जाहीर झालेल्या किमतीत खरेदीदाराकडून घेतलेला, बहुधा २० टक्के किंवा त्याहून अधिक असलेला अधिभार धरलेला आहे की नाही, हेही तपासावे.

संग्रहाची बेरीज

एकेका छायाचित्राची किंमत काढून बेरीज केली की संग्रहाची किंमत मिळते, हा समज खोटा आहे. समजा, ६४० छायाचित्रे आहेत आणि त्यांतल्या एका साध्या छायाचित्राला ईबेवर ६० डॉलर आल्याचे दिसले. सरसकट गुणाकार केला तर ३८,४०० हा आकडा येतो आणि मालक हुरळून जातो. त्याऐवजी तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात स्वतंत्रपणे विकण्याजोगी बारा छायाचित्रे आली आणि त्यांचे प्रत्येकी मूल्यांकन होऊन एकूण १८,००० डॉलर झाले. दुसऱ्या ढिगातील १३० छायाचित्रांना सरासरी ६० डॉलर धरून ७,८०० झाले. उरलेली ४९८ छायाचित्रे अनोळखी खेळाडूंची, १९७०-८० च्या दशकांतली, तारेने आलेली. ती गठ्ठ्यानेच जातात, तेव्हा नगाला ४ डॉलर धरून १,९९२ झाले. बेरीज २७,७९२ डॉलर. हे आकडे ज्या निकालांवरून घेतले त्यांत २० टक्के अधिभार असेल तर प्रत्यक्ष अंतिम बोली सुमारे २३,१६० डॉलरची, आणि लिलावगृहाने विक्रेत्याकडून १० टक्के घेतले तर हाती सुमारे २०,८५० डॉलर पडतात. हे उदाहरण कल्पित आहे, पण हिशेबाची रीत हीच.

शिवाय एकाच प्रकारच्या वस्तू एकदम बाजारात आल्या की भाव पडतो. एकाच खेळाडूच्या सारख्या दिसणाऱ्या चाळीस प्रिंट असतील तर चाळिसाव्या प्रिंटला पहिलीचा भाव मिळणार नाही. त्यासाठी मूल्यमापक एकंदर किमतीत सूट धरतात आणि अमेरिकेच्या करव्यवस्थेतही ही कल्पना मान्य आहे. याच्या उलट, एकाच छायाचित्रकाराचा किंवा एकाच हंगामाचा अखंड संच संशोधन संस्थेला सुट्या छायाचित्रांपेक्षा अधिक मोलाचा वाटू शकतो. असा संच ओळखू आला तर तो फोडण्याआधी त्या विषयातल्या जाणकाराला दाखवावा.

तज्ज्ञाकडे केव्हा जावे

पहिल्या ढिगातील छायाचित्रे पीएसएसारख्या संस्थेकडे पाठवणे बहुधा फायद्याचे ठरते. दुसऱ्या ढिगासाठी शुल्क आणि मिळणारी वाढ यांचा हिशेब करून ठरवावे. तिसऱ्या ढिगावर तो खर्च करू नये. करविषयक कामासाठी मात्र आपली यादी पुरत नाही. अमेरिकेत ५,००० डॉलरहून अधिक मूल्याची अशी देणगी करवजावटीसाठी दाखवायची असेल तर पात्र मूल्यमापकाचा लेखी अहवाल आणि ८२८३ क्रमांकाचा अर्ज लागतो, आणि ही मर्यादा एकेका छायाचित्राला नव्हे, तर वर्षभरात दिलेल्या सारख्या वस्तूंच्या एकूण मूल्याला लागू होते. अहवालावरील तारीख देणगीच्या ६० दिवसांहून आधीची चालत नाही. वारशाने आलेल्या संग्रहासाठी साधारणतः मृत्यूच्या दिवशीचे बाजारमूल्य लागते, म्हणून तो अहवाल वेळेवर करून घेतलेला बरा.

मूल्यमापक निवडताना तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही छायाचित्रांचे काम करता की केवळ कार्डांचे? तुमचे शुल्क तासावर आहे की ठरलेले? आणि हा संग्रह विकत घेण्यात तुम्हाला रस आहे का? किमतीच्या टक्केवारीवर शुल्क सांगणाऱ्याकडून मूल्यांकन करून घेऊ नये, कारण व्यवसायाच्या मान्य नियमांत ते बसत नाही. खरेदीतही रस असणाऱ्याचा आकडा हा प्रस्ताव म्हणून ऐकावा, अहवाल म्हणून नव्हे. मूल्यमापकाकडे जाताना प्रत्येक छायाचित्राच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ चित्रे, अनुक्रमांक, आकार आणि आपण ठरवलेला प्रकार अशी यादी सोबत न्यावी. त्यामुळे त्याचे तास आणि आपले पैसे, दोन्ही वाचतात.